सोयाबीन आंबवून दिल्याने मुलांच्या आहारातली प्रथिनांची तूट भरून निघेल का?

मांजराकाठची (प्रश्न)

नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात महिला बचत गटांचे काम पाहते. आमच्या शिवारात खरिपात सोयाबीनखेरीज दुसरे पीक शोधावे लागते. मात्र मळणी होताच ते पोत्यांत भरून आडतीवर जाते, तिथून तेलगिरणीत, आणि तेल निघाल्यावर उरलेला प्रथिनांचा सगळा ऐवज पेंडीच्या रूपाने कोंबड्यांच्या खाद्यात जातो. घरात राहते ते पुढच्या वर्षीचे बियाणे. काही घरांत गव्हाच्या दळणात मूठ-दोन मुठी सोयाबीन घालतात, एवढाच काय तो त्याचा आमच्या ताटाशी संबंध. त्याच गावातल्या अंगणवाडीत दर महिन्याला मुलांची वजने आणि दंडघेर घेतला जातो तेव्हा चार-पाच मुले मॅममध्ये (मध्यम तीव्र कुपोषण) आणि एखादे सॅममध्ये (अतितीव्र कुपोषण) निघतेच.

गेल्या महिन्यात एका प्रशिक्षणात आम्हाला इंडोनेशियातला टेंपे आणि सिक्कीममधला किनेमा या आंबवलेल्या सोयाबीनच्या पदार्थांची माहिती देण्यात आली. वक्त्यांचे म्हणणे असे होते की, सोयाबीन आंबवले म्हणजे त्यातली प्रथिने वाढतात व सहज पचतात, पोट फुगत नाही, शिवाय शाकाहारी माणसाला दुर्मीळ असलेले ब-१२ जीवनसत्त्वही त्यातून मिळते, आणि म्हणून प्रथिनांच्या कुपोषणावर याहून स्वस्त उपाय नाही. आमच्या गटातल्या बायकांनी उत्साहाने टेंपे तयार करून अंगणवाडीला पुरवण्याचा बेत आखला आहे. भांडवल घालण्यापूर्वी जाणकारांना विचारावेसे वाटते की, या दाव्यांत तथ्य किती आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, अशा गावात हा पदार्थ सुरक्षितपणे करता येईल का. आणि मुख्य म्हणजे, सॅममधल्या मुलाला तो द्यावा का? कृपया आडपडदा न ठेवता लिहावे.

विरजण

ताई, मी पुण्यात अन्न-सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. आपल्या शेवटच्या प्रश्नाला डॉक्टरांनीच उत्तर द्यावे. पहिल्या दोहोंबद्दल मी लिहितो.

वाळलेल्या सोयाबीनमध्ये शंभर ग्रॅममागे सुमारे ३६ ते ४० ग्रॅम प्रथिने आणि २० ग्रॅमच्या आसपास तेल असते. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव, क्विंटलला ५,३२८ रुपये, धरला, तर किलोला ५३ रुपयांत साधारण ६० अंड्यांइतकी प्रथिने मिळतात. प्रथिनांचा दर्जाही डाळींमध्ये उत्तम आहे, कारण प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांपैकी ज्वारी-गव्हात जे लायसीन कमी पडते ते सोयाबीनमध्ये भरपूर असते आणि सोयाबीनमध्ये जे मेथिओनीन थोडे उणे असते ते धान्यातून मिळते. मग अडचण कुठे आहे? या दाण्याने स्वतःच्या रक्षणासाठी केलेल्या बंदोबस्तात आहे. त्यात ट्रिप्सिन-रोधक असतात, जे आपल्या आतड्यातल्या प्रथिने पचवणाऱ्या विकराला (एन्झाइमला) निकामी करतात. रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा असतात, ज्या माणसाला पचत नाहीत आणि मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या तावडीत सापडून वायू निर्माण करतात. आणि फायटेट असते, जे लोह व जस्त धरून ठेवते.

या तिन्हींचा बंदोबस्त बुरशीच करते असा समज प्रशिक्षणांतून पसरतो, तो बरोबर नाही. टेंपे करताना सोयाबीन आधी रात्रभर भिजवतात, चोळून त्याची टरफले काढतात, पाणी फेकून देऊन ते चांगले उकळतात, निथळून कोरडे करतात, आणि मग त्यावर ऱ्हायझोपस जातीच्या बुरशीचे विरजण चोळून ३० अंशांच्या आसपास २४ ते ४८ तास दडपून ठेवतात. ट्रिप्सिन-रोधकांचा बहुतांश नाश उकळण्यात होतो. पोट फुगवणाऱ्या शर्करांचा मोठा भाग भिजवण्याच्या व उकळण्याच्या पाण्याबरोबर मोरीत जातो. बुरशीचे खरे काम त्यापुढचे: ती उरलेल्या शर्करांपैकी काही खाते, फायटेट तोडते, प्रथिनांचे लहान तुकडे करते, आणि सुट्या दाण्यांना आपल्या पांढऱ्या तंतूंनी असे बांधून टाकते की त्यांची कापता येण्याजोगी वडी तयार होते. प्रथिनांचे प्रमाण मात्र ती वाढवत नाही. शंभर ग्रॅम ताज्या टेंपेत १९ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात ती दाण्यात पाणी शिरल्यामुळे. एक किलो सोयाबीनचा दीड ते पावणेदोन किलो टेंपे होतो, आणि आत जितकी प्रथिने होती तितकीच जवळजवळ बाहेर येतात. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात उंदरांना नीट शिजवलेले सोयाबीन आणि टेंपे देऊन जी तुलना झाली, तिच्यातही प्रथिनांच्या उपयुक्ततेत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. मग टेंपे कशासाठी करायचा? तर तो चवीला व पोताला उकडलेल्या दाण्यापेक्षा कितीतरी सरस असतो, पोटाला हलका असतो, आणि एकदा तयार झाला की पाच-दहा मिनिटांत परतून ताटात येतो. अनेक तास शिजत ठेवावे लागणारे कडधान्य एकदाच मोठ्या प्रमाणावर शिजवून टाकायचे आणि मग घरोघरी झटपट वापरायचे, ही इंधनाच्या दृष्टीनेही लहान गोष्ट नाही.

ब-१२ बद्दल स्पष्ट लिहितो, कारण या एका वाक्यावर विसंबून कोणी दूध-अंडी बंद करू नयेत. ऱ्हायझोपस बुरशी ब-१२ तयार करत नाही. काही पारंपरिक टेंपेत ते सापडते, कारण त्यात बाहेरून क्लेब्सिएलासारखे जिवाणू शिरलेले असतात आणि ते हे जीवनसत्त्व बनवतात. म्हणजे टेंपे जितका शुद्ध विरजणाने व स्वच्छतेने करावा तितके त्यातले ब-१२ नाहीसे होते, आणि ते मिळावे म्हणून अस्वच्छता पाळावी असे तर कोणी सांगणार नाही.

आता आपल्या गावच्या हवेविषयी. ही बुरशी वाढताना स्वतः उष्णता सोडते. बाहेर ३० अंश असेल तर जाड थर दिलेल्या टेंपेच्या आत दहा अंश जास्त होऊ शकतात. बाहेरच चाळीस असेल तर बुरशी मरते आणि तिची जागा जिवाणू घेतात. दाणे बुळबुळीत होतात आणि अमोनियाचा वास येतो. मार्च ते जून या काळात लातूरकडे गारवा राखणाऱ्या खोलीशिवाय हा उद्योग करू नये. श्रावण ते कार्तिक हा काळ बरा. चांगला टेंपे पांढराशुभ्र, घट्ट आणि आळंब्यांसारख्या वासाचा असतो. छिद्रांजवळचे राखाडी-काळे ठिपके म्हणजे बुरशीचे बीजाणू, ते निरुपद्रवी आहेत. गुलाबी, हिरवा किंवा चिकट भाग दिसला तर मात्र सगळा घाणा टाकून द्यावा, तेवढाच भाग कापून उरलेला वापरू नये. तयार टेंपे फ्रिजमध्ये काही दिवसच टिकतो आणि तो कच्चा कधीही खाऊ नये. वीज नाही, फ्रिज नाही आणि गिऱ्हाईक तीन वर्षांचे, हे गणित मला पटत नाही.

जोगजा ते जुन्नर

नोकरीच्या निमित्ताने जावा बेटावर, योग्यकार्ता शहरात (तिथले लोक त्याला लाडाने जोगजा म्हणतात) मी चार वर्षे राहिलो. वरच्या उत्तरातले शास्त्र मला कळत नाही; जे पाहिले ते सांगतो.

तिथे टेंपे हा पौष्टिक पदार्थ म्हणून कोणी खात नाही, आपल्याकडे जशी पिठल्याची पौष्टिकता कोणी मोजत नाही तसेच. सकाळी मंडईत केळीच्या पानात बांधलेल्या पुड्या विकायला बसलेल्या बायकांकडून तो घ्यायचा, लसूण-धण्याच्या पाण्यात बुडवून तळायचा, की टेंपे गोरेंग झाला. गूळ आणि मसाल्यात आटवला की बाचेम. पातळ चकत्या पिठात बुडवून अर्धवट तळल्या की मेंडोआन, जी पावसाळी संध्याकाळी आपल्या भज्यांच्या जागी बसते. दोन माणसांच्या घरातही तो रोज असतो, आणि तो आपल्या डाळीसारखा भाताबरोबर असतो, भाताऐवजी नाही. पान बदलले की चव बदलते यावर तिथल्या म्हाताऱ्या माणसांचा ठाम विश्वास आहे. प्लास्टिकच्या पिशवीतला टेंपे त्यांच्या मते टेंपेच नव्हे.

कुपोषणाशी त्याचा संबंध पहिल्यांदा दिसला तो दुसऱ्या महायुद्धात. जपान्यांच्या युद्धकैद्यांच्या छावण्यांत डच कैदी उपासमारीने आणि हगवणीने खंगत होते, आणि ज्यांना उकडलेले सोयाबीन पचत नव्हते त्यांना टेंपे पचत होता, असे फान वेन आणि शेफर या दोघांनी १९५० मध्ये लिहून ठेवले. पुढच्या पुष्कळ संशोधनाला तिथून चालना मिळाली. पण ती माणसे प्रौढ होती आणि छावणीबाहेर पडल्यावर त्यांना पुरेसे अन्न मिळणार होते, हे विसरू नये.

एक गंमत अशी की, टेंपेला तिथे मानही फार उशिरा मिळाला. आपण ‘टेंपे राष्ट्र’ होता कामा नये, असे देशाचे पहिले अध्यक्ष सुकार्नो भाषणातून सुनावत, कारण गरिबाचे मऊ अन्न ही त्या शब्दाला चिकटलेली छटा होती. आणि दुसरी गोष्ट आपल्या प्रश्नाशी उलट्या बाजूने जुळते: इंडोनेशिया टेंपे खाते, पण त्यासाठी लागणारे बहुतेक सोयाबीन अमेरिकेतून आणते, आणि जगात भाव चढले की टेंपे करणारे कारखानदार संप करतात. त्यांच्याकडे पदार्थ आहे आणि पीक नाही. लातूरकडे पीक आहे आणि पदार्थ नाही. एवढा टेंपे खाऊनही २०१८ च्या सरकारी पाहणीत त्या देशातली ३०.८ टक्के लहान मुले वयाच्या मानाने खुजी निघाली होती.

पाळणाघर ते पुनर्वसन

मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि पोषण पुनर्वसन केंद्रात काही वर्षे काम केले आहे. ताईंच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते: सॅममधल्या मुलाला उपचार म्हणून टेंपे, किनेमा किंवा सोयाबीनचा कोणताही पदार्थ देऊ नये. दंडघेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल, किंवा दोन्ही पावलांवर दाबले असता खड्डा पडणारी सूज असेल, तर त्या मुलाची वैद्यकीय तपासणी त्याच दिवशी झाली पाहिजे.

याचे कारण सांगते, कारण ते ऐकून बहुतेकांना धक्का बसतो. तीव्र कुपोषित आणि गुंतागुंत असलेल्या मुलाला केंद्रात दाखल केल्यावर सुरुवातीला आम्ही जे दूध देतो, त्याला एफ-७५ म्हणतात. त्याच्या १०० मिलिलीटरमध्ये ७५ किलोकॅलरी असतात आणि प्रथिने फक्त ०.९ ग्रॅम. मुद्दाम इतकी कमी. त्या अवस्थेत यकृत आणि मूत्रपिंड इतके थकलेले असतात की जास्त प्रथिनांचा भार मुलाचा जीव घेऊ शकतो. संसर्ग आटोक्यात आला, सूज उतरू लागली, भूक लागली, की मग एफ-१०० हे पुढच्या टप्प्याचे दूध किंवा तयार उपचारात्मक आहार सुरू होतो, ज्यात प्रथिने तिपटीहून अधिक असतात. म्हणजे ज्या मुलाला पाहून ‘याला प्रथिने द्या’ असे वाटते, नेमके त्यालाच पहिल्या दिवसांत ती बेताने द्यायची असतात.

सूज येणाऱ्या या आजाराचे नाव क्वाशिओरकोर. सिसिली विल्यम्स या डॉक्टरने त्या वेळच्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, त्याचे वर्णन १९३३ मध्ये केले आणि दोन वर्षांनी तिथल्या गा भाषेतले हे नाव वैद्यकात आणले. नवे बाळ आले की अंगावरून सुटलेल्या आधीच्या मुलाला होणारा आजार, असा त्याचा आशय. मक्याच्या पेजेवर वाढणाऱ्या मुलांत तो दिसत होता म्हणून प्रथिनांचा अभाव हे कारण ठरले, आणि पुढची तीस-चाळीस वर्षे जगाला ‘प्रथिनांच्या दरी’ने झपाटले. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी येऊ घातलेल्या प्रथिन-संकटाचा इशारा दिला. माशांचे पीठ, शैवाल, पेट्रोलियमवर वाढवलेले यीस्ट, आणि अर्थातच सोयाबीन, असे सगळे उपाय त्या काळात पुढे आले. आपल्या प्रशिक्षणातले वाक्य त्याच काळातून चालत आले आहे.

त्याला पहिले गंभीर आव्हान आपल्याच देशातून मिळाले, हे मराठी वाचकांना मुद्दाम सांगावेसे वाटते. हैदराबादला पोषणशास्त्रज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी दाखवले की, ज्या मुलांना क्वाशिओरकोर होतो आणि जी मुले नुसती वाळत जातात, त्यांच्या आहारात प्रथिने व उष्मांक यांच्या प्रमाणात फरक नसतो. दोघांच्याही ताटात मुळात अन्नच कमी असते. आणि साताऱ्याजवळच्या बुध गावचे, जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख असलेले पां. वा. सुखात्मे यांनी १९७० च्या सुमारास आकडेवारीने मांडले की, भारतीय आहारात उष्मांक पुरेसे पडले तर प्रथिने बहुधा आपोआप पुरी पडतात. पोट रिकामे असेल तर शरीर खाल्लेली प्रथिने चुलीत घालते. (सुखात्म्यांच्या पुढच्या काही मांडणीवर अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकरांनी कडक टीका केली आणि माझ्या मते ती बऱ्याच अंशी योग्य होती, पण हा मुद्दा टिकला.) १९७४ मध्ये डोनाल्ड मॅक्लारेन यांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्या सगळ्या मोहिमेला प्रथिनांचा महाफज्जा असे नाव दिले.

तेव्हा मॅममधल्या किंवा सर्वसाधारण मुलांचा हिशोब असा मांडून पाहा. अंगणवाडीच्या पूरक आहारातून सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला रोज ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने मिळावीत असा निकष २०२३ पर्यंत होता; हिशोबाला तोच धरू. ६५ ग्रॅम टेंपेतून १२ ग्रॅम प्रथिने मिळतील, पण उष्मांक १२५ च्या आसपासच. उरलेले पावणेचारशे ज्वारी, तांदूळ, तेल, गूळ, शेंगदाणे यांतून आले नाहीत, तर त्या १२ ग्रॅम प्रथिनांतली बरीचशी जळण म्हणून खर्च होतील. लहान मुलाचे पोट वाटीएवढे असते. एका घासात अधिक उष्मांक कसे बसतील हा त्याच्या आहाराचा पहिला प्रश्न आहे, आणि चमचाभर तेल, ज्यात ४५ किलोकॅलरी असतात, तो प्रश्न टेंपेपेक्षा सोप्या रीतीने सोडवते.

याचा अर्थ सोयाबीन टाकाऊ आहे असा मुळीच नाही. तयार उपचारात्मक आहारातही दुधाच्या भुकटीचा खर्च कमी करण्यासाठी त्याचा प्रयोग झाला आहे. मलावीत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दुधाचा काही भाग काढून सोया घातल्यावर बरे होणाऱ्या मुलांचे प्रमाण थोडे घसरले. नंतर अमिनो आम्लांची भर घातलेल्या, दूध नसलेल्या पाककृती बरोबरीला आल्या. पण हे कारखान्यात मोजूनमापून केलेले आहार होते. गटाने घरी केलेला पदार्थ सर्वसाधारण मुलांच्या, गरोदर बायकांच्या आणि किशोरींच्या ताटात आनंदाने जावा. औषध म्हणून जाऊ नये.

पोलीस बाजार

थोडी भर. आम्ही सहा वर्षे शिलाँगला होतो. मेघालयात खासी लोकांचा तुंगरिंबाई, मणिपुरात हवाइजार, नागालँडमध्ये अखुनी, मिझोराममध्ये बेकांग आणि सिक्कीम-दार्जिलिंगकडे किनेमा, असे आंबवलेल्या सोयाबीनचे मोठे कुटुंब ईशान्येत पिढ्यान्‌पिढ्या नांदते आहे, त्यामुळे टेंपेसाठी जावापर्यंत जाण्याची गरज नाही. यांत बुरशी नसते. पानांत गुंडाळून चुलीजवळ दोन-तीन दिवस ठेवलेल्या उकडलेल्या दाण्यांवर बॅसिलस जातीचे जिवाणू वाढतात. किनेमासाठी दाणे किंचित चेचून त्यांत चिमूटभर लाकडाची राख घालतात आणि नेच्याच्या पानांनी झाकतात. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ जे. पी. तमांग यांनी सिक्कीममध्ये यावर आयुष्यभर काम केले आहे.

वास उग्र असतो, खोटे कशाला सांगू. पहिल्या महिन्यात आम्ही शेजाऱ्यांच्या दिशेची खिडकी लावून घेत असू. मग लक्षात आले की आमच्याकडे सुके बोंबील भाजले जात तेव्हा तेही तेच करत. कांदा, आले, लसूण आणि काळे तीळ घालून परतलेला तुंगरिंबाई पुढे आमच्या भाताबरोबर नियमाने येऊ लागला. तो तोंडी लावण्यापुरता खातात, वाटी भरून नाही, आणि म्हणून त्यातून प्रथिने किती जाणार याची मर्यादा आपोआप ठरते.

डॉक्टरांच्या मुद्द्याला पुष्टी देणारा एक आकडा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) पाच वर्षांखालच्या खुज्या मुलांचे प्रमाण मेघालयात ४६.५ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक होते. मणिपुरात ते २३.४ टक्के, म्हणजे सर्वांत कमी असलेल्या राज्यांपैकी. दोन्हीकडे आंबवलेले सोयाबीन घरोघरी. महाराष्ट्राचा आकडा ३५.२ टक्के, या दोहोंच्या मध्ये, आणि आपल्याकडे असा पदार्थच नाही.

विरजण

‘पोलीस बाजार’ यांनी लिहिलेल्या पदार्थांबद्दल एक सावधगिरी. बॅसिलसला टेंपेच्या बुरशीपेक्षा जास्त उष्णता मानवते, त्यामुळे लातूरच्या हवेत तोच सोपा असे कोणाला वाटेल. पण तिथे पिढ्यांचा हात बसलेला असतो. तरीही बाजारातल्या किनेमाच्या काही नमुन्यांत विषबाधा करणारा बॅसिलस सेरियस आढळलेला आहे. नवख्या गटाने अंगणवाडीसाठी हा प्रयोग करू नये.

मांजराकाठची

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरांचे उत्तर मी काल आमच्या अंगणवाडी ताईंना वाचून दाखवले. सूज असलेल्या एका मुलीला आम्ही दोन आठवडे शेंगदाण्याचे लाडू देत होतो. तिला आज तालुक्याच्या रुग्णालयात नेले आहे. टेंपे पुरवण्याचा बेत गटाने सोडला. काही बायका हिरमुसल्या, कारण बेतात थोडी मिळकतही होती. आता त्यांचा प्रश्न असा आहे की, विरजण, फ्रिज यांच्या भानगडीत न पडता, आपल्याच पदार्थांत सोयाबीन कसे घालावे? आणि गव्हाच्या दळणात कच्चे सोयाबीन घालण्याची जी पद्धत आहे ती बरोबर की चूक?

विरजण

कच्चे घालणे चूक. पोळी तव्यावर मिनिट-दोन मिनिटे असते, तेवढ्यात ट्रिप्सिन-रोधक पुरते जात नाहीत, आणि पिठाला येणारा कडवट, कच्च्या शेंगेसारखा वासही दाणा न शिजल्यामुळेच राहतो. उकळत्या पाण्यात निवडलेले सोयाबीन घालून २० ते २५ मिनिटे उकळावे, पाणी ओतून द्यावे, चोळून टरफले काढावीत, उन्हात कडकडीत वाळवावे आणि मग नऊ भाग गहू किंवा ज्वारीला एक भाग या प्रमाणात दळणात द्यावे. यापेक्षा जास्त घातले की भाकरी थापताना तुटते. पीठ पंधरा दिवसांत संपेल इतकेच दळावे, कारण सोयाबीनचे तेल खवट होते. बियाण्याचे पाहत असाल तर इंदूरच्या राष्ट्रीय सोयाबीन संशोधन संस्थेने कुनिट्झ हा मुख्य ट्रिप्सिन-रोधक नसलेले एनआरसी १२७ हे वाण काढले आहे. तेही उकळूनच वापरावे, पण वेळ कमी लागतो.

आंबवण्याची हौस असेल तर आपल्या स्वयंपाकघरात विरजण आधीच आहे. इडली, आंबोळी, ढोकळा यांच्या पिठात उडीद किंवा हरभऱ्याच्या डाळीचा तिसरा हिस्सा काढून त्या जागी वर सांगितल्याप्रमाणे उकळून सोललेले सोयाबीन वाटून घालावे. पीठ नेहमीप्रमाणे आंबते, फायटेट काही अंशी तुटते, आणि पदार्थ वाफेवर किंवा तव्यावर पुरता शिजत असल्याने धोका राहत नाही. शिवाय त्यात तांदूळ किंवा रवा असल्यामुळे डॉक्टरांनी सांगितलेला उष्मांकांचा हिशोबही बसतो, वरून तेलाची फोडणी द्यावी. आमच्या विद्यार्थिनींनी असा ढोकळा केला होता. चवीत फरक कळला नाही, तो थोडा कमी फुगला, इतकेच. उडीद पूर्ण काढून टाकला तर मात्र इडली दगडासारखी होते, हा प्रयोग करून झाला आहे. मुलांना आंबील आवडत असेल तर ज्वारीच्या पिठात हेच सोयापीठ दहाला एक घालून आंबवावे, पण ताकाचे प्रमाण वाढवावे, नाहीतर तळाशी बसते.

वर्ध्याच्या मगनवाडीत १९३५ मध्ये गांधीजींनी आपल्या सहकाऱ्यांच्या जेवणात सोयाबीन आणून पाहिले होते आणि ‘हरिजन’मधून त्यावर लिहिले होते, त्यात आंबवण्याचा प्रश्नच नव्हता, साधे उकडून तेल-मीठ लावून खाल्ले जाई. आपल्या गटाला मिळकत हवी असेल तर उकळून सोललेले, वाळवलेले सोयाबीन किलोच्या पुड्यांत गिरणीवरच विकायला ठेवावे. दळण घेऊन आलेली बाई तिथेच आपल्या गव्हात ते घालून घेईल. निघालेली टरफले म्हशीला घालावीत, पण उकळलेलीच.